गॅस्पारेचा कोट आणि तीन डबे

डबा बंद झाला, सील लागलं, ट्रॅक्टर तो ओढून घेऊन गेला आणि मग गॅस्पारे लेंटिनीने कोट शोधायला सुरुवात केली.

ब्रुकलिनच्या धक्क्यावर आताशा एवढंच काम उरलं होतं. बाहेर कुणीतरी भरून पाठवलेला कंटेनर, ज्याला गोदीत सगळे डबा म्हणत, आठ जणांनी उघडायचा, सगळा माल खाली काढायचा आणि तोच माल पुन्हा आत भरायचा. त्याने मालात काही सुधारणा होत नसे. पण युनियनने भांडून मिळवलेला नियम होता. पूर्वी दीडशे माणसं आठवडाभर जी बोट रिकामी करत, ती आता एक क्रेन जेवणाच्या सुट्टीआधी रिकामी करायची. तेव्हा नियमाविरुद्ध कुणी बोलत नसे.

"फिंटन, माझा कोट पाहिलास का रे? दाराच्या कडीला अडकवला होता."

फिंटन मलहर्न हा टोळीतला माल रचणारा. त्याची हयात जहाजाच्या पोटात गेलेली. मालात फट दिसली की हाताला लागेल ते मऊ तिच्यात कोंबायचं, म्हणजे समुद्रात काही हलत नाही. ही सवय झोपेतही सुटली नव्हती. त्याची बायको उशा कपाटात ठेवी.

"तपकिरी?" फिंटनने विचारलं.

"तपकिरी."

"म्हणजे तो तुझा होता."

"होता म्हणजे?"

"रेडिओ हलत होते."

कोटाच्या खिशात गॅस्पारेच्या आईची अंगठी होती. रविवारी मुलाचा, रेन्झोचा साखरपुडा. होणाऱ्या सुनेच्या मापाची करून घ्यायला तो ती कामावरून परस्पर सोनाराकडे नेणार होता.

"कुठल्या डब्यात कोंबलास?"

"रेडिओच्या."

"सकाळपासून तीन भरले. तिन्हींत रेडिओच होते."

"मग तिन्हींपैकी एकात," फिंटन समजावणीच्या सुरात म्हणाला.

फोरमन हॅगर्टीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "उघडू. पण सील तुटलं की डबा पूर्ण खाली करायचा आणि पुन्हा भरायचा. आठ जणांनी."

"अरे बाबा, नुसता हात घालून कोट ओढून काढतो."

"नियम माझा नाही, तुमचा. मोर्च्यात सगळ्यांत पुढे कोण होतं? आमचा हात लागल्याशिवाय डबा हलणार नाही, म्हणून कोण ओरडत होतं?"

"घसा बसला होता माझा," गॅस्पारे पडेल आवाजात म्हणाला.

पहिला डबा खाली केला. कोट नव्हता. पुन्हा भरला. दुसरा खाली केला. तोवर शेजारच्या टोळीला काम निघाल्याचा वास लागला होता.

"हॅगर्टी, आमच्यातल्या एकाची टोपी सापडत नाहीये."

"त्याच्या डोक्यावर आहे."

"ती दुसरी."

दुसऱ्यातही कोट नव्हता. तो भरून होईपर्यंत क्रेनने तिसरा उचलून बोटीत ठेवला होता आणि त्याच्यावर आणखी पाच रचले होते. पूर्वी बोट निदान आठवडाभर धक्क्याला असायची, पोटात उतरून कंदील घेऊन शोधता यायचं. ही संध्याकाळ व्हायच्या आत रॉटरडॅमच्या वाटेला लागली.

घरी आगाताने सगळं ऐकलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं. तिच्या स्वयंपाकघरात एके काळी कॉफी, ऑलिव्हचं तेल, कधीमधी व्हिस्की, असं बरंच काही 'फुटलेल्या खोक्यातून' येत असे.

"तीस वर्षं बोटीवरचं घरी आणलंत," ती म्हणाली, "आता घरचं बोटीवर पोचवायला लागलात."

रविवारी रेन्झोने मुलीच्या बोटात बाजारातली पत्र्याची अंगठी घातली. मुलीच्या आईने ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "साधी आहे." त्यानंतर त्या घरून जेवणाचं बोलावणं आलं नाही.

दोनेक महिन्यांनी गॅस्पारे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन उशिरा कामावर पोचला, तर हॅगर्टी कोट घेऊन उभा. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याने तो इकडे परत येणाऱ्या डब्यात घालून पाठवला होता. घडी नीट होती. एका खिशात त्या दिवशीचं सँडविच होतं, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. दुसऱ्या खिशात अंगठी.

"काय गंमत आहे बघ," फिंटन म्हणाला. "सील इथे लागलं ते थेट तिकडे तुटलं. मधे माणसाचा हातच नाही. जुन्या पद्धतीने गेली असती, तर आज ही अंगठी माझ्या बायकोच्या बोटात असती."

"तिला बसली नसती."

"विकली असती."

ज्या डब्याला गॅस्पारेने इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याबद्दल एकदम चांगलं बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"व्यापाऱ्याने बरोबर चीजचा एक गोळाही पाठवलाय म्हणे," हॅगर्टी म्हणाला. "तो कुठे दिसत नाही. डबा कुणी खाली केला सकाळी?"

डबा अर्थात नियमाप्रमाणे खाली केला होता. टोळी समुद्राकडे बघू लागली. हॅगर्टीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि निघून गेला.

तो वळताच फिंटनने बंडीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. "धर. तुझा वाटा बाजूला ठेवला होता."

गॅस्पारे वाटभर एक हात खिशात, अंगठीवर ठेवून घरी गेला. आगाताने अंगठी उजेडात उलटसुलट करून पाहिली, रुमालात बांधली. मग पुडी उघडून वास घेतला.

"हे कुठलं?"

"बोटीवरचं."

तिने पाव कापायला घेतला. "किती दिवसांनी," ती म्हणाली.