सातव्या फेरीतला किकचा माणूस

एप्रिलमधल्या खेळाडू-निवडीत सातव्या फेरीपर्यंत चांगला माल संपलेला असतो. उरल्यासुरल्यांतून किकच्या फळीसाठी एक माणूस उचलावा, असा ओहायोतल्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबचा लेखी दंडक होता. काम सरळ होतं. आपली किक बसली की जिवाच्या आकांताने धावायचं आणि चेंडू झेलणाऱ्याला आडवं पाडायचं.

क्लबचा जुना पारखी वेंडेल क्रुपा याने अलाबामातल्या एका आडगावच्या कॉलेजातून डेशॉन पेटिग्रू शोधून काढला होता. दोन वर्षांत त्याने एक्केचाळीस जण आडवे केले होते. निवड हुकली तर सोमवारपासून तो कोंबड्यांच्या कारखान्यात रुजू होणार होता. वेंडेलने डेशॉनच्या आईच्या हातचा तळलेला मासा खाल्ला होता, त्यामुळे पोरासाठी त्याचा जीव तुटत होता.

मूल्यमापनाच्या तक्त्यात अडतीस रकाने होते. पंजाची रुंदी होती, उडीची उंची होती. माणूस पाडता येतो का, हे कुठेच नव्हतं. संधी मिळाल्यास मुख्य संघात खेळाल का, असा एक प्रश्न होता. ‘हो’ म्हणणारा असमाधानी ठरे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला महत्त्वाकांक्षा नसे. डेशॉन म्हणाला होता, तुम्ही सांगाल ते. त्यापुढे ‘स्वतःचं मत नाही’ अशी नोंद झाली.

शेवटी वेंडेलने बैठकीत चित्रफीत लावली. पडद्यावर किक बसली आणि सगळी समिती उठली. कोणी कॉफीला गेलं, कोणी मुतारीकडे. यात कुणाचा आकस नव्हता. किक म्हटली की खाण्यापिण्यासाठी उठायचं, हे त्या देशात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. वेंडेलने फीत तीनदा लावली आणि खोली तीनदा रिकामी झाली. चौथ्यांदा तो चिकन विंग्सचं ताट घेऊन दारातच उभा राहिला.

“बसा हो ग्रेडी, नऊ सेकंदांचा तर प्रकार आहे.”

“वेंडेल, तीस वर्षं झाली मला या धंद्यात,” मॅनेजर ग्रेडी स्टॉलवर्थ ताटाकडे हात नेत म्हणाले. “किकमध्ये काय होतं ते मला पाठ आहे.”

“काय होतं?”

ग्रेडींनी हाड चघळत विचार केला. “ती संपली की खेळ सुरू होतो.”

तोवर नऊ सेकंद संपले होते. ‘समितीतल्या कोणी पाहिले’ या रकान्यात सर्वानुमते ‘कोणीही नाही’ असं लिहिलं गेलं. न पाहिलेला माणूस घेणं नियमात बसत नव्हतं. म्हणून सव्वादहा इंच पंजाचा एक उंचापुरा गडी निवडला गेला. त्याने आयुष्यात कुणाला पाडलं नव्हतं, त्यामुळे पाडण्यात त्याची एकही चूक सापडली नाही.

वेंडेलने डेशॉनला स्वतः फोन केला. त्याला फार वाईट वाटत होतं.

“असू दे, सर,” डेशॉन म्हणाला. “तुम्ही तरी पाहिलंत. बाकी कुणी पाहत नाही.”

वेंडेलने हुंकार दिला. डेशॉनला पाहिलं त्या दिवशी मैदानावरची खाण्याची टपरी बंद होती, म्हणूनच किकच्या वेळी आपण जागेवर होतो, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

वेंडेलला हसण्याआधी एक करा. रोज तुमच्या आधी येऊन तुमच्या कचेरीचं दार कोण उघडतं, त्याचं नाव आठवून बघा. आडनाव नको, नुसतं नाव.