शिळं पेट्रोल आणि तिसरं स्थळ

पाहुणे साडेदहाच्या एस.टी.नं येणार होते आणि सव्वानऊलाच नानासो इस्त्रीचं धोतर, नवा सदरा आणि गुलाबी फेटा अशा थाटात सोप्यात बसून होते. बसून होते म्हणजे काय, दर दोन मिनिटांनी उठत होते.

"आवं, बसा की जरा गप," साळूबाई आतून म्हणाल्या. "पोरीला बघायला येत्यात, तुमाला न्हाई."

"मी कुठं काय म्हणतोय? नुसतं हिरीवर जाऊन येतो. इंजान का बंद पडतंय तेवढं..."

"आज इंजनाला हात लावलात तर बघा!"

साळूबाईंच्या रागाला कारण होतं. अंजनाला बघायला येणारं हे तिसरं स्थळ. पहिल्या खेपेला नवऱ्या मुलाच्या बापाची मोटारसायकल जरा जास्त आवाज करते असं वाटून नानासोंनी चहा होईपर्यंत ती खोलून अंगणभर मांडली. मंडळींना परत पोचवायला बैलगाडी जुंपावी लागली. दुसऱ्या खेपेला त्यांनी मुलाच्या आईला तासभर कार्बोरेटर समजावून सांगितला. दोन्हीकडून पुन्हा निरोप आला नाही. अंजनाला बाविसावं लागलं होतं, भावकीतल्या बायका साळूबाईंना गाठून मुद्दाम चौकशी करत होत्या, आणि हेही स्थळ मोडलं तर गावात तोंड दाखवायचं कसं, या विचारानं त्या माउलीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

नानासो फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून हवालदार होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी परतले होते. चार एकर ऊस, एक विहीर आणि विहिरीवर एक छोटं इंजिन, पेट्रोलवर सुरू होऊन मग रॉकेलवर चालणारं. त्या इंजिनाची त्यांनी केली तेवढी बडदास्त साळूबाईंची बाळंतपणातही झाली नव्हती. चार दिवस पाणी द्यायचं नसेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवायचं, कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जाळून टाकायचा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचं. का, तर म्हणे पेट्रोल शिळं होतं आणि आतून चिकटून बसतं.

"दूध शिळं व्हतं, भाकरी शिळी व्हती," साळूबाई म्हणायच्या. "पेट्रोल शिळं झाल्यालं ह्यांच्याच घरात!"

एवढं करूनही महिनाभर इंजिन धाप टाकत होतं. रबराची नळी फुगून मऊ पडली होती, कार्बोरेटरात पांढरट साका धरत होता. नानासोंना दाट संशय होता की पेट्रोलमध्ये स्पिरिट आहे. त्या वर्षी पेट्रोल भलतंच महागलं होतं आणि साखर कारखान्यांच्या मुलखात मळीपासून निघणाऱ्या स्पिरिटला तोटा नव्हता. संशय म्हणजे दातात अडकलेली सुपारी. नानासो पुन्हा उठले, आणि या वेळी थेट मागच्या गोठ्यात गेले.

परीक्षा अगदी सोपी होती. बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, पाण्याच्या पातळीवर दोरा बांधायचा, वर पेट्रोल ओतायचं आणि खळखळून हलवायचं. स्पिरिट असलं तर ते पेट्रोल सोडून खालच्या पाण्यात उतरतं आणि पाणी दोऱ्याच्या वर चढतं. पाच मिनिटांचं काम. बाटल्याही तयार होत्या. फौजेच्या कॅन्टीनमधल्या रमच्या बाटल्या त्या भागात घरोघर असतात. कुणी त्यात गोडेतेल भरतं, कुणी रॉकेल. लेबलं काढायचे कष्ट कोण घेतो?

मेव्हण्यानं आणून दिलेल्या क्यानमधून पेट्रोल काढायला नानासोंनी नळी तोंडात धरून ओढली. घाईत ओढ जास्त लागली आणि एक घोट सरळ घशात गेला. ते खोकले, थुंकले, डोळे लालबुंद झाले, फेटा कानावर आला. तरी त्यांनी बाटली भरली, हलवली, उन्हात धरली आणि एक डोळा मिटून बघत राहिले. तांबूस पेट्रोल वर, पाणी खाली.

नेमके त्याच वेळी पाहुणे आले. साताऱ्याकडून निघालेल्या त्या मंडळींना वाटेत एक जीप मिळाली होती, म्हणून तासभर आधी आले आणि गोठ्याकडच्या वाटेनं आले. पुढं गळ्यात तुळशीची माळ घातलेले आप्पासो, म्हणजे मुलाचे चुलते. त्यांच्यामागं नवरा मुलगा सयाजी. सगळ्यांत शेवटी हे स्थळ आणणारा साळूबाईंचा भाऊ नाथाजी.

आप्पासोंनी रमचं लेबल पाहिलं, लाल डोळे पाहिले, कानावरचा फेटा पाहिला आणि ते जागीच उभे राहिले.

"दाजी!" नाथाजी कळवळून ओरडला.

आरडाओरडा ऐकून साळूबाई धावत आल्या. "सकाळधरनं जिवाला घोर लावलाय ह्यांनी! म्हटलं, आजच्या दिवस तरी सोडा. पर सुटंल तर शप्पथ!"

"रोजचंच हाय म्हणायचं," आप्पासो म्हणाले.

"आवं पाव्हणं, ही दारू न्हाई, पेट्रोल हाय!" नानासो म्हणाले. घशात जळजळत असल्यामुळे जीभ जड झाली होती.

"पेट्रोलात पाणी घालून?"

"तीच तर गंमत हाय! बघा, दाखवतो की."

इथं शहाणा माणूस थांबला असता. पण नानासोंची नजर दोऱ्याकडे गेली. पाणी दोऱ्याच्या वर चांगलं दोन बोटं चढलं होतं! महिनाभराचा संशय खरा ठरला होता. त्यांना स्थळ दिसेना, माळ दिसेना, कपाळ बडवणारी बायको दिसेना. त्यांनी अंगठा लावून बाटली उलटी केली, तळाचं पाणी हलकेच एका काचेच्या पेल्यात सोडलं आणि पेला आप्पासोंच्या नाकाखाली धरला.

"घ्या वास! हाय का न्हाई स्पिरिट?"

होतं. चांगलं भपकन आलं. आप्पासो दोन पावलं मागं सरले.

"माझ्या म्होरं पेला धरतोस? चल रं सयाजी. असल्या घरात पाणीसुदीक प्यायचं न्हाई."

साळूबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या दाराआड अंजना उभी होती. पोह्यांचं ताट हातात, तोंड एवढंसं झालेलं. आता कुठं नानासोंच्या ध्यानात आलं की आपण जिंकलो ते नको तिथं. पोरीचं ते तोंड बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण सयाजी निघाला नाही. त्यानं पुढं होऊन पेला घेतला, वास घेतला, मग वाकून क्यानचाही घेतला.

"काका," तो अगदी साधेपणानं म्हणाला, "ह्यो तर आपलाच क्यान हाय. कडीला मीच तार बांधली हुती."

सगळ्यांच्या नजरा क्यानकडे वळल्या. म्हैस तेवढी रवंथ करत होती.

"नाथाजी," नानासोंनी हळूच विचारलं, "पेट्रोल कुणाकडनं आणलंस तू?"

नाथाजीनं चोरून आप्पासोंकडे बघितलं. "दाजी... ह्येच पाव्हणं साखर कारखान्यात स्टोअर बघत्यात. म्हटलं ओळखीत मिळतंय..."

आप्पासोंनी माळ चाचपली. घसा खाकरला. मग एकदम गोठ्यातल्याच खाटेवर बसकण मारली.

"मी काय म्हणतो," ते गोड आवाजात म्हणाले, "घराणं चांगलं हाय. पोरगी आमाला पसंत हाय. मानपान काय नको. पोहं आणा की."

"आवं, पर तुमी अजून बघितली कुठं तिला?" साळूबाईंनी विचारलं.

"बघायचं काय त्यात!"

आत अंजनाला हसू आवरेना. ताट खाली ठेवून ती तोंडात पदर कोंबून उभी राहिली. नानासोंनी एकवार आप्पासोंकडे पाहिलं, एकवार सयाजीकडे. मग फेटा काढून खुंटीला अडकवला.

"पोरा, कार्बोरेटर खोलता येतो का?"

"येतो की."

"चल हिरीवर. तुझ्या काकानं लावल्याला साका तूच काढायचास."

दोघं निघालेसुद्धा. आप्पासो पोह्यांची वाट बघत खाटेवर अवघडून बसले. साळूबाई अंगणाच्या कडेपर्यंत धावल्या आणि ओरडल्या, "आवं, निघाला कुठं? पोरगी कवा दाखवायची?"

उसाच्या सरीतून नानासोंचा आवाज आला.

"थांब गं जरा! आदी पोरगा बघू दे!"