बत्तीसच्या घरातला चिमटा

गणिताला कागदच हवा, असं थोडंच आहे? माझ्या वहीची पानं लेकीने चघळून संपवली, तेव्हा मी कपड्यांच्या दोऱ्यांवर गणित मांडलं. आहे काय नि नाही काय!

ती झोपते तेवढाच माझा वेळ. मागच्या खोलीत दोन दोऱ्या, एकीखाली एक. भिंतीवर उजवीकडून पेन्सिलीने घरं लिहिली: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. ज्या घरात चिमटा, ती संख्या धरायची. वर सात मांडले, म्हणजे तीन चिमटे. खाली तेच, एक घर डावीकडे सरकवून, म्हणजे दुप्पट. एकाच घरात वर-खाली चिमटे आले की दोन्ही काढायचे. हातचा धरायचाच नाही, हाच या गणिताचा नियम! झाली तिप्पट. उरले आठ आणि एक. सात त्रिक नऊ! शिवाय नऊ हा तीनचा वर्ग! असे वर्ग निघतील तेवढ्यांची यादी माझे जुने सर काढतात त्या गणिताच्या मासिकाच्या अंकात येणार होती. अंक चार वाजता छपाईला जायचा होता. लेक झाल्यापासून माझं पहिलंच छापील नाव!

"सात त्रिक नऊ?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "झोप पुरत नाहीये गं तुला."

मी हसून, डोळ्यांवर येणारी बट सावरत, अठ्ठावीस मांडले. जोड्या काढल्या. उरला एकच चिमटा, चारच्या घरात. चार! दोनचा वर्ग! लगेच सरांना फोन.

"अठ्ठावीस त्रिक चार?" सर शांतपणे म्हणाले. "चिमटे किती उरले?"

"एक."

"एक उरूच शकत नाही. मांडलेस सहा, काढलेस जोडीने. उरणार ते समच. चिमटा गेलाय कुठेतरी. वीस मिनिटं आहेत, शोध."

झालं! घरात चिमटे मोजून सहा. परत मांडू कशाने?

"अहो, चिमटा घेतलात?"

"मी?" नवरा इस्त्री सोडून उठला. "मागे एक काढला, तर 'सोळा कमी केलेत' म्हणून ओरडलीस! तेव्हापासून मोजे खिडकीला गाठ मारून वाळवतोय!"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"बघू नकोस अशी! सुनेला चिमटा काढला, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही मला!"

या गलक्यात लेक उठली. भोकाड! खांद्यावर घेतली, तशी तिने माझे केस मुठीत धरून ओढले आणि खुदकन हसली. मूठ उघडली, तर आत चिमटा.

नवऱ्याने मोजा तोंडावर धरला.

एका हाताने लेक, एका हाताने चिमटे. परत मांडलं. एक चारच्या घरात, एक बत्तीसच्या. छत्तीस! सहाचा वर्ग!

"छान," सर म्हणाले. "आणि चिमटा होता कुठला?"

"बत्तीसच्या घरातला, सर."

खोटं नाही हो! माझ्या डोक्यात जाण्याआधी तो तिथेच तर होता.