वळणानंतरचा वारा

बांधकाम खात्यात त्याला सगळे ‘काळजीवाहू’ म्हणत. सरकार पडल्यावर जे काळजीवाहू येतं त्याची मुदत कधीतरी संपते, याची संपत नव्हती. नवा पूल झाला की लोक पुलावरून जायचे, हा आधी पुलाखाली जाऊन तडे शोधायचा. कोणाच्या लग्नाची पत्रिका हातात पडली की पंगतीत विषबाधा कशी होते, हे सांगायचा. तसा माणूस वाईट नव्हता. फक्त वाईटाची वाट बघणारा होता.

अशा माणसाने त्या दिवशी मीटिंगमध्ये तोंड उघडायला नको होतं.

शहरात पहिल्यांदाच लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होणार होती. तलावात जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग बाहेरच्या रस्त्यावर नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि तेवढ्याने समाधान झालं नाही तर शहरातून एकवीस किलोमीटर पळायचं. साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर काळजीवाहूंच्या तोंडून निघून गेलं, “पण तो रस्ता कोणी बघितलाय का?”

कोणीच बघितला नव्हता. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडत आपापल्या चहाकडे बघितलं.

“तुम्ही बघा,” साहेब म्हणाले. “सविस्तर अहवाल द्या. मार्ग कसा आहे, आपल्या लोकांना कितपत झेपेल, सगळं.”

(नंतर त्यांनी स्वतःला बरेचदा विचारलं, आपण त्या वेळी बिस्किट का खात नव्हतो?)

दुसऱ्या दिवशी खात्याची जीप घेऊन ते निघाले. आभाळ राखाडी होतं. ड्रायव्हर खुशीत होता, कारण दिवसभर ऑफिसबाहेर राहायला मिळणार होतं. काळजीवाहूंना मात्र जिकडे तिकडे संकटं दिसत होती. तलाव दिसला तेव्हा म्हणाले, “यात वेली असणार.” सायकलचा रस्ता सरळ, गुळगुळीत होता, तर म्हणाले, “असल्या रस्त्यावर माणसाला झोप लागते.” शेवटी जुन्या वीटभट्टीपाशी रस्ता वळून परत शहराकडे येत होता. तिथे ते खाली उतरले आणि वाऱ्याने त्यांच्या डोक्यावरची टोपी थेट शेतात नेली.

“हे बघ,” टोपी आणायला धावणाऱ्या ड्रायव्हरला ते म्हणाले, “हे खरं मरण. जाताना वारा पाठीवर. सगळे उडत येणार, आपण फार भारी आहोत असं वाटणार. वळले की तोच वारा तोंडावर. इथे आपली माणसं गळणार.”

“सगळी?”

“सगळी,” काळजीवाहू म्हणाले. त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच संकट शोधावं लागलं नव्हतं, ते आपणहून भेटायला आलं होतं.

घरी बायको भाजी चिरत होती. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची, त्यामुळे तिलाही दिवसभर लोकांच्या शरीरात काय बिघडलंय तेच दिसायचं. पण घरी येताना ती ते लॅबमध्येच ठेवून यायची. मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेल्यापासून दोघंच होते. जेवताना बोलणं फार व्हायचं नाही. मीठ द्या, पंखा कमी करा, एवढंच.

त्या रात्री जेवायला बसल्यावर मात्र तिने विचारलं, “कसा आहे रस्ता?”

काळजीवाहूंचा घास हातातच राहिला. कित्येक वर्षांत तिने त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं.

“भयंकर,” ते उत्साहाने म्हणाले.

“चढ कुठे आहे? सुरुवातीला की शेवटी?”

“चढ नाहीच. तीच तर फसवणूक आहे. वारा आहे.”

“जाताना की येताना?”

“येताना! वीटभट्टीच्या वळणानंतर. समोरून भिंत यावी तसा.” त्यांनी वाटी, पेला आणि मिठाची डबी मांडून तिला अख्खा मार्ग दाखवला. “हा तलाव. पाणी गार, खाली वेली. हे वळण. इथवर येता येता पायांत गोळे. आणि वेळ संपली की तिथेच थांबवतात, पळू देत नाहीत.”

“म्हणजे जाताना जोर राखून ठेवायचा,” ती पेल्याकडे बघत म्हणाली.

“ज्याला अक्कल आहे तो राखेल. पण अक्कल असती तर तो आलाच कशाला असता? बाहेरचे येतील, तेच जिंकतील. आपल्या शहरातला एकही जण शर्यत पुरी करणार नाही. मुळात आपल्याकडचं कोण वेडं असल्या ठिकाणी नाव देणार?”

“मी,” बायको म्हणाली आणि मिठाची डबी उचलून भाजीत मीठ घातलं.

आधी त्यांना ती चेष्टा वाटली. मग तिच्या रोज सकाळच्या ओल्या केसांचा अर्थ त्यांना कळू लागला. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय, असं म्हणून ती गेलं वर्षभर पहाटे बाहेर पडायची. ते झोपेत “हं” म्हणायचे. दाराशी उभी असलेली सायकल म्हणे भाचीची, तात्पुरती ठेवायला आणलेली. त्यावरही ते “हं” म्हणाले होते.

“अगं, तुझं वय काय!”

“तुमच्यापेक्षा कमी.”

“गुडघे?”

“तुम्हाला एवढंच सांगितलं की तुम्ही पुढचं काही विचारत नाही, म्हणून गुडघे.”

त्यानंतर ते बराच वेळ वाटी, पेला आणि डबी जागच्या जागी लावत बसले. तिला तलावात उतरू द्यायचं नाही, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. भांडून ती ऐकणार नाही हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. उरला अहवाल. त्यांनी लिहिलं की तलावातल्या वेली जीवघेण्या आहेत, सबब पोहण्याचा भाग रद्द करावा. साहेबांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, “वेली तुम्ही पाहिल्यात?”

“असणारच.”

“असणारच म्हणजे पुरावा नव्हे. मोजमाप आणा.”

म्हणून रविवारी सकाळी काळजीवाहू अर्धी चड्डी घालून, हातात खात्याची लांब, कापडी मोजपट्टी घेऊन तलावाच्या काठी उभे राहिले. पोहायला ते कॉलेजात शिकले होते. शरीर शिकलेलं विसरत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. (ज्याने लिहिलं होतं तो बहुधा काठावरच बसून लिहीत असावा.) मोजपट्टीचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि ते पाण्यात शिरले.

पाणी एवढं गार होतं की त्यांचा श्वास वरच्या वर अडकला. चार हात मारले आणि पायाला काहीतरी लागलं. लांब, चपटं, बुळबुळीत. त्यांनी पाय झटकला तर ते गुडघ्याला गुंडाळलं. दुसरा पाय झटकला तर दोन्ही पाय एकत्र बांधले गेले.

“वेली!” ते ओरडले. भीतीने तोंडचं पाणी पळायला हवं होतं, पण इथे ते तोंडात शिरत होतं. “वेली! लिहून घे! वाचव!”

“नक्की काय करू, साहेब?” ड्रायव्हर काठावरून ओरडला. “लिहू की वाचवू?”

तेवढ्यात तलावाच्या मध्यावर सराव करणाऱ्यांमधून एक पिवळी टोपी सपासप त्यांच्याकडे आली. मागून एका हाताने त्यांची हनुवटी वर उचलली.

“हातपाय सैल सोडा. आभाळाकडे बघा.”

आवाज ओळखीचा होता.

“अगं, तू?”

“बोलू नका. पाणी जाईल तोंडात.”

“वेली आहेत, तूसुद्धा अडकशील...”

“बोलू नका म्हटलं ना.”

ते गप्प बसले. राखाडी आभाळ हळूहळू मागे सरकत होतं. कानांत पाणी होतं, त्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा श्वास एका लयीत जाणवत होता. एवढी ताकद हिच्यात कधी आली, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, कधीची असेल, आपल्यालाच पत्ता नाही.

काठावर आणून तिने त्यांचे पाय सोडवले. वेल एकही नव्हती. पायांना गुंडाळली होती ती खात्याची मोजपट्टी.

जीप घराकडे निघाली. टॉवेलात गुंडाळलेले काळजीवाहू कुडकुडत होते. त्यांनी विचारलं, “पण कशासाठी? एवढं गार पाणी, एवढी पायपीट...”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मुलगी गेल्यापासून हॉलमधल्या घड्याळाचा आवाज येतो. तुम्हाला नाही येत?”

“येतो. मला वाटलं घड्याळ बिघडलंय.”

“घड्याळ चांगलं आहे. पूर्वी घरात आवाज असायचे, म्हणून त्याचा ऐकू यायचा नाही.” मग ती म्हणाली, “पाण्यात डोकं घातलं की नाही ऐकू येत.”

 ड्रायव्हरने उगाचच गिअर बदलला.

साहेबांनी मात्र अहवालाचा शेवट स्वतःच लिहिला. तलावात वेली नाहीत, आणि बुडणाऱ्या माणसाला तत्काळ बाहेर काढण्याची सोय उपलब्ध असल्याचे प्रत्यक्ष चाचणीत सिद्ध झाले आहे. मार्ग मंजूर झाला.

शर्यतीच्या दिवशी काळजीवाहूंची नेमणूक वीटभट्टीच्या वळणावर झाली. त्या वळणाचा एवढा अभ्यास दुसऱ्या कोणाचा नव्हता. हातात झेंडा, अंगावर चमकणारं जाकीट. सकाळपासून आभाळ खाली आलं होतं आणि वारा त्यांनी सांगितला होता त्याहून जोरात होता. बाहेरगावचे स्पर्धक पाठीवरच्या वाऱ्याने भुर्रकन आले, वळले आणि एकदम म्हातारे झाल्यासारखे वाकून सायकल मारू लागले. मग आपल्या शहरातले आले. कोणी वळताच उतरलं, कोणी थोडं पुढे जाऊन रस्त्याकडेला आडवं झालं.

“साहेब, तुमचा अंदाज तंतोतंत!” ड्रायव्हर म्हणाला.

 काळजीवाहू रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. सगळ्यात मागून, भाचीच्या सायकलवर ती आली. तिने जोर राखून ठेवला होता हे त्यांना दुरूनच कळलं. काहीतरी मोठ्याने बोलायला हवं होतं. आयुष्यात कोणाला प्रोत्साहन दिलं नसल्यामुळे त्यांना शब्दच सापडेनात.

“वारा आहे!” ते ओरडले.

“माहितीय!” ती म्हणाली आणि वळली.

झेंडा तसाच धरून ते तिच्याकडे बघत राहिले. ती थांबली नाही. उतरली नाही. पण सायकल जेमतेम चालत होती, जणू कोणीतरी मागून धरून ठेवली होती. आयुष्यभर त्यांना आपले अंदाज खरे ठरावेत असं वाटत आलं होतं. हा एक खोटा ठरावा म्हणून ते तिथे उभ्या उभ्या कोणाची तरी विनवणी करत होते. कोणाची, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

अंदाज खरा ठरला. ती सायकल संपवून आली तेव्हा वेळ नुकतीच उलटून गेली होती. पळायच्या रस्त्यावर आडवी दोरी लागली होती. काळजीवाहू जीपने पोचले तेव्हा ती फूटपाथच्या कडेला बसून पोटऱ्या चोळत होती.

“म्हणा,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

“काय?”

“मी सांगितलं होतं म्हणून.”

ते तिच्या शेजारी बसले. जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. “नाही म्हणत.”

“का?”

“वळणावर तुला बघितलं,” ते म्हणाले. “छान चालवत होतीस.”

तिने नाक पुसलं. मग म्हणाली, “घरी जाऊ या.”

घर होतं शर्यतीच्या अंतिम रेषेपलीकडे. रस्ते बंद, जीप पुढे जाईना. बायको गर्दीतून फूटपाथवरून लंगडत निघाली, पण काळजीवाहूंच्या हातातली सायकल गर्दीत शिरेना. तेव्हा एका स्वयंसेविकेने कठडा बाजूला करून त्यांना आतल्या मोकळ्या रस्त्यावर घेतलं. “काका, सायकल हातात असेपर्यंत हेल्मेट डोक्यावर पाहिजे. नियम आहे.” नियम म्हटल्यावर ते कसे ऐकणार नाहीत! हँडलला अडकवलेलं बायकोचं हेल्मेट त्यांनी डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा खट्कन लावला आणि सायकल ढकलत निघाले.

दोन्ही बाजूंनी लोक होते. डोळे लाल, कपडे घामेजलेले, पाय ओढत, सायकल ढकलत येणारा हा पोक्त माणूस बघून आधी एकाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

“आणि हे बघा!” लाउडस्पीकर गरजला. “आपल्या शहरातले सर्वांत ज्येष्ठ स्पर्धक! सायकल बिघडली, पण जिद्द सोडली नाही!”

“नाही, नाही!” काळजीवाहूंनी हात हलवून सांगितलं. लोकांना वाटलं अभिवादन केलं. शिट्ट्या झाल्या. एका बाईने डोळे टिपले. रेषेवर साहेब स्वतः उभे होते. गर्दीच्या ओघात कोण काय ते न बघताच त्यांनी पदक गळ्यात घातलं, मिठी मारली आणि मग हेल्मेटखालचा चेहरा नीट बघितला.

“तुम्ही?”

“मी घरी चाललोय, साहेब.”

शिट्टीवाला पंच धावत आला. नंबर नाही, पोहल्याची नोंद नाही, पळताना कोणी पाहिलेला नाही, आणि वर सायकल घेऊन अंतिम रेषा ओलांडलेली. असला प्रकार त्याच्या उभ्या कारकिर्दीत झाला नव्हता. पदक काढायला गेले तर त्याची फीत हेल्मेटच्या पट्ट्यात अडकली. पट्टा उघडेना. पंच एका बाजूने ओढतोय, साहेब दुसऱ्या बाजूने, मध्ये काळजीवाहूंची मान. कठड्यापलीकडे बायको दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. इतक्या मोठ्याने ती कधी हसली होती, ते त्यांना आठवेना. मान आवळलेली असतानाही ते तिच्याकडेच बघत राहिले.

तेवढ्यात लाउडस्पीकर पुन्हा खरखरला.

“हेल्मेटवाले काका, कृपया रस्त्यातून बाजूला व्हा. मागून खरे स्पर्धक येत आहेत.”