तीन क्लिकमध्ये सगळं

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाची वेबसाइट मी सांभाळतो आणि हे काम माझ्याइतकं नीटनेटकं कुणालाच जमणार नाही, हे मी स्वतःच सांगतो. दुसरं कोणी सांगत नाही, काय करणार! शनिवारीसुद्धा डबा घेऊन बाहेर पडणारा कामसू माणूस मी.

तर मोठ्या मॅडमनी फर्मान काढलं. "लोकांना वेबसाइटवर काही सापडत नाही! शुक्रवारी सगळ्यांसमोर चाचणी. इथे कधी पाऊल न ठेवलेला माणूस बसवा. त्याला सापडलं नाही, तर तुमची बदली तळघरात, जुन्या फायलींकडे!"

"मॅडम, काहीही सापडेल. तीन क्लिकमध्ये!" मी छाती फुगवून म्हणालो.

सरावाला घरी बायकोलाच बसवलं. तिचं बटणं-दोऱ्यांचं दुकान आहे. म्हटलं, "गळक्या नळाची तक्रार कुठे करायची, शोध."

प्रशासन, तांत्रिक, लेखा, आस्थापना... बिचारी सगळीकडे फिरून आली. वीस मिनिटांनी तिला सापडले माजी अधिकाऱ्यांचे फोटो!

"अहो, गळका नळ कुठल्या विभागात येतो, हे मला काय माहीत?"

"तांत्रिक, उपविभाग तीन! सोपं तर आहे!"

"माझ्याकडे गिऱ्हाईक शर्टाचं पांढरं बटण मागतं. कारखान्याचं नाव नाही सांगत!"

मग तिने प्रत्येक पानाची चिठ्ठी करायला लावली आणि चिठ्ठ्या बटणांच्या रिकाम्या डब्यांत वाटल्या. रोज लागणारं पुढे, वर्षाकाठी लागणारं मागे, माजी अधिकारी थेट माळ्यावर! "आणि कार्यालय कधी उघडं, कधी बंद, ते आधी दारावर लिहा," म्हणाली. मीही उत्साहाच्या भरात, त्या पानावर काय लिहिलंय ते न वाचताच, ती चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली आणि वेबसाइटही डब्यांसारखीच लावून टाकली.

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं. भिंतीवर भलामोठा पडदा, माउस बायकोच्या हातात (कार्यालयात कधी पाऊल न ठेवलेली तीच तर होती!) आणि माझा जीव टांगणीला!

"गळका नळ," मॅडम म्हणाल्या. एक क्लिक!

"नवीन जोडणी." दोन क्लिक!

टाळ्यांचा कडकडाट! लेखा विभागानेसुद्धा वाजवल्या! मॅडम चक्क हसल्या. "तळघर रद्द! आता ताई, तुमच्या मनाने काहीही उघडा."

बायकोने पहिल्याच ओळीवर क्लिक केलं. पडद्यावर फूटभर अक्षरं झळकली: दर शनिवारी कार्यालय बंद.

पुन्हा टाळ्या! बायको सावकाश माझ्याकडे वळली.

"खरंच हो," ती गोड आवाजात म्हणाली, "किती पटकन सापडलं!"

मित्राकडचा शनिवारचा कॅरम तेव्हापासून बंद आहे. डबा घेऊन मी अजूनही बाहेर पडतो, पण तिच्या दुकानात. तिथे बटणं निवडतो. रोज लागणारी पुढे.