हे पान टाका

काकूंच्या फ्रीजवर सामानाची यादी लावलेली होती. साबण, मीठ, चहा, काडेपेटी, बारीक सुया. यादीत काहीच चूक नव्हती. चूक कागदाच्या मागच्या बाजूला होती, आणि ती मिरीला दिसली ती केवळ पाण्याची बाटली घ्यायला तिने दार जोरात ओढलं आणि लोहचुंबकाखालचा कागद उलटा होऊन खाली पडला म्हणून.

मागे बारीक बारीक चौकोन होते. हजारो. प्रत्येक चौकोनात एक खूण: टिंब, त्रिकोण, अर्धा चंद्र, बाण. वरच्या कोपऱ्यात छापलेलं होतं, 'पान ५'.

मिरी बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. हे पान पाच जर आठ महिने फ्रीजवर असेल, तर आतल्या खोलीत काकूंनी आठ महिने खपून जे भरतकाम पुरं केलं होतं, त्यात पान पाचच्या जागी काय होतं?

मिरी नववीत होती. दिसायला लहान आणि बोलायला तिखट, म्हणून मिरी. मागच्या वर्षी शाळेच्या संगणक स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून कुणी 'जमेल का गं' एवढं विचारायचा अवकाश, ती 'त्यात काय' म्हणून मोकळी व्हायची. काकूंनी असंच विचारलं होतं.

काकू दवाखान्यात केसपेपर लिहायच्या खिडकीवर बसत. बावीस वर्षं. घरी आल्यावर मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांचं भरतकाम करत. हस्तकला मंडळाच्या प्रदर्शनात दरवर्षी त्यांचं काम लागायचं, पण कुठे, तर दाराच्या मागे. दार उघडं असेपर्यंत ते कुणाला दिसायचं नाही आणि दार बंद झालं की प्रदर्शनही बंद झालेलं असायचं. मागच्या वर्षी तर त्यांच्या फुलांच्या परडीवर कुणीतरी छत्री अडकवून गेलं होतं. कुठलं काम कुठे लावायचं हे अध्यक्षबाई ठरवायच्या, आणि अध्यक्षबाई म्हणजे मिरीची सख्खी आत्या. काकू त्यांना समोर 'ताई' म्हणत आणि माघारी 'वन्सं'.

"वन्संचं म्हणणं, दुकानातल्या पाकिटातलं चित्र कुणीही भरेल," काकू म्हणाल्या होत्या. "स्वतःचा ग्राफ करून आणलास तर मधली भिंत देते, असं सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. तुला जमेल का गं, कॉम्प्युटरवर?"

"त्यात काय," मिरी म्हणाली.

चित्र काकूंनीच निवडलं. तीनेकशे वर्षांपूर्वीचं. खिडकीतून उजेड आलाय, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक बाई उभी राहून पत्र वाचतेय, बस. मिरीने त्याचे चौकोन पाडले, बारा पानं केली, प्रत्येक रंगाला खूण दिली. अडलं ते चेहऱ्याशी. इतक्या जुन्या बाईची कातडी खरी कुठल्या रंगाची, कुणाला ठाऊक? मिरीने विचार केला, रंग ओळखीच्या चेहऱ्यावर तपासावेत. बाबांचा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो संगणकात होताच. तिने तो बाईच्या रुमालात बरोब्बर बसवला, पान पाच छापलं, रंग आणि खुणा पाहिल्या, खूश झाली, मग बाबांना काढून बाईला परत बसवलं आणि पान पाच पुन्हा छापलं.

बाबांचं पान चुकून गठ्ठ्यातच राहिलं. पण मिरी काही निष्काळजी नव्हती. काकूंकडे गठ्ठा देताना ते तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'काकू, हे पान टाका.'

"काकू," मिरीने आता स्वयंपाकघरातूनच हाक मारली. "अहो, हे पान इथे कसं?"

काकू हात पुसत आल्या. "ते होय? ते जादा होतं. पान पाच दोन आली होती ना. एकावर तू लिहिलं होतंस, एकावर काही नव्हतं. मग ज्यावर काही नव्हतं त्याच्या पाठीवर यादी केली. चांगला जाड कागद आहे."

"आणि ज्यावर लिहिलं होतं त्याचं काय केलंत?"

"तू सांगितलंस तेच. टाकलं."

"टाकलंत ना?" मिरीच्या जिवात जीव आला.

"टाकलं म्हणजे काय, एक चौकोन सोडला नाही. साठ आडवे, ऐंशी उभे. चार हजार आठशे टाके."

मिरीने बाटली फ्रीजवर ठेवली. "काकू, टाका म्हणजे... टाका. फेका."

"मग फेका लिहावं माणसाने. भरतकामाच्या कागदावर टाका लिहिलंस तर मी काय समजायचं? आमच्या दवाखान्यातसुद्धा केसपेपरवर टाका लिहिलं की आजवर कुणी पेशंटला फेकलेलं नाही."

"आईला लिहायचं असतं तर मी 'टाक' लिहिलं असतं. तुम्हाला अहो म्हणायचं म्हणून टाका झालं."

"म्हणजे आता चूक माझ्या मानाची," काकू म्हणाल्या. "बरं, होतं काय त्या पानावर?"

काकूंनी चित्र अजून अख्खं पाहिलं नव्हतं. त्यांची पद्धतच तशी. कापड दोन दांड्यांवर गुंडाळलेलं, भिंगाखाली वीतभर उघडं, भरलेला भाग पुन्हा गुंडाळून आत. अर्धवट चित्र पाहिलं की हात चुकतो, असं त्यांचं ठाम मत होतं. एकदा मात्र त्यांनी फोन केला होता. "नाकाखाली एवढा काळा धागा कसा गं?" मिरी तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होती. "सावली असेल," ती म्हणाली होती. "जुन्या चित्रांत सावल्या फार असतात."

दोघींनी कापड पलंगावर उलगडलं. खिडकी आली. खिडकीतला उजेड आला, आणि तो इतका खरा होता की मिरीला क्षणभर सगळंच विसरायला झालं. मग रुमाल आला. आणि रुमालातून बाबा आले.

भरघोस मिशी, आवळलेले ओठ, उजव्या भुवईवरची लहानपणची खूणसुद्धा, तीन फिक्या फुल्या. हातात पत्र. मिरीचं प्रगतिपुस्तक वाचताना ते जसे दिसत, अगदी तसे.

काकूंनी भिंग आणून मिशीवर धरलं.

"तरी मी म्हणत होते," शेवटी त्या म्हणाल्या, "ही बाई कुठेतरी पाहिल्यासारखी वाटतेय."

प्रदर्शन परवा होतं. फ्रेमवाला उद्या पाचला यायचा होता. सगळा चेहरा उसवून पुन्हा भरायला काकूंना पंधरा दिवस लागले असते, तेही रजा टाकून. 'टाकून' हा शब्द काकूंनी मिरीकडे बघत उच्चारला.

"हे नाही दिलं तर?" मिरीने विचारलं.

"तर वन्संनी भरलेली बदकं आहेतच मधल्या भिंतीवर. दरवर्षी असतात. आणि मी दाराच्या मागे, छत्रीखाली." काकूंनी खिडकीतल्या उजेडावरून हात फिरवला. तो उजेड भरायला त्यांना दोन महिने आणि पिवळ्याच्या सात छटा लागल्या होत्या. "दारामागे हा उजेड दिसायचा नाही गं."

या वेळी 'त्यात काय' म्हणून मोकळं होता येण्यासारखं नव्हतं.

"पत्र वर घेऊ या," ती म्हणाली. "नाकापर्यंत. बाईला लांबचं दिसत नसेल."

"डोळे राहतात. तुझ्या बाबांचे डोळे म्हणजे नोटीस लावल्यासारखे."

"रुमाल खाली ओढू."

"मग काय उरलं? धुतलेले कपडे वाळत घातल्यासारखं दिसेल."

मिरीने फुल्या मोजल्या. मिशी सगळी मिळून एकशे बेचाळीस निघाली. तेवढी उसवून तिथे कातडीचा रंग भरला, तर निदान बाई म्हणता येईल. काकूंनी कात्री घेतली. मिरी सुयांत धागे ओवत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तीन तास कुठल्याही गोष्टीवर मत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि साडेचारला शेवटची फुली घातली. ओठ किंचित वर वळवले. गाल गुलाबी केला. लांबून पाहिलं तर खरंच एक बाई पत्र वाचत होती. करारी होती, पण बाई होती.

तेवढ्यात काका आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि अगदी सहज विचारलं, "ताईचं चित्र का भरलंस गं?"

"कुणाचं?"

"ताईचं. अध्यक्षांचं. दादाने मिशी ठेवायच्या आधी लोक त्या दोघांना जुळेच समजायचे."

काकू खाली बसल्या. आता ते दिसलं आणि काही केल्या दिसेनासं होईना. तीच जिवणी, तेच नाक, आणि हातात पत्र. मंडळात आलेली तक्रारपत्रं आत्या अशाच उभ्याने वाचायच्या, आणि वाचून झालं की तक्रार करणारीलाच खुर्ची द्यायच्या नाहीत.

"वन्संना वाटेल मी त्यांची टर उडवली," काकू म्हणाल्या. "मोलकरणीचा रुमाल बांधलाय मी त्यांच्या डोक्याला."

"काढून टाकू या का नाव प्रदर्शनातून?" मिरी म्हणाली.

"तू टाकू हा शब्द बोलूच नकोस."

दाराची घंटा वाजली. फ्रेमवाला वक्तशीर होता. त्याने चित्र पाहिलं, म्हणाला, "अध्यक्षबाई छान आल्यात," आणि घेऊन गेला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी काकू आणि मिरी दाराच्या मागे उभ्या होत्या. सवयीची जागा. आत्या यायच्या होत्या. चित्र एका खुर्चीवर ठेवलेलं होतं आणि त्याच्याभोवती मंडळातल्या सात-आठ जणी जमल्या होत्या.

"बाई, बाई, काय उजेड पाडलाय."

"आणि ताई बघा. किती शांत दिसतात."

"त्या शांत आहेत म्हणून ओळखायला वेळ लागला मला."

आत्या दारातच अडवल्या गेल्या. एकीने अभिनंदन केलं, दुसरीने हात हातात घेतला, तिसरी म्हणाली, "वय दहा वर्षांनी कमी दिसतंय हो तुमचं." आत्यांना काही कळेना, पण शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा ऐकून घेतलं. मग त्या चित्रापाशी गेल्या. पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. काकूंनी मिरीचा दंड इतका घट्ट धरला की तिथे पाच बोटं उमटली.

आत्या वाकल्या. रुमाल पाहिला, पत्र पाहिलं, मग उजव्या भुवईपाशी येऊन थांबल्या. तिथे बोट नेलं.

"जरा इकडे या दोघी," त्या न वळताच म्हणाल्या.

दोघी गेल्या.

"हे तीन टाके," आत्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "हे माझे नाहीत."

"ताई, त्याचं काय झालं..."

"हे तुझ्या मोठ्या दिरांचे आहेत. सहा वर्षांचा होता. झोपाळ्यावरून मीच ढकललं होतं. दवाखान्यात तीन टाके पडले आणि मला संध्याकाळभर कोपऱ्यात उभं केलं. हा चेहरा मी नाही ओळखणार?"

मिरीला वाटलं, आता सांगून टाकावं. मग 'टाकावं' आठवलं आणि ती गप्प बसली.

आत्यांनी मागे वळून पाहिलं. मंडळाच्या बायका कौतुकाने त्यांच्याकडेच बघत होत्या. एकीने तर फोटो काढायला मोबाइल वर धरला होता. आत्या नकळत चित्रातल्यासारख्याच किंचित वळून उभ्या राहिल्या.

"झोपाळ्याचं मंडळात कुणाला माहीत नाही," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "आणि माहीत व्हायची गरजही नाही. मधली भिंत मोकळी करा. बदकं दाराच्या मागे जातील." मग मिरीकडे वळून, "आणि तुझ्या बाबाला घरी काहीतरी काम काढ. तीन दिवस त्याने इकडे फिरकायचं नाही."

"त्यात काय," मिरी म्हणाली.

त्या तीन दिवसांत बाबांनी माळा आवरला, तिन्ही पंखे पुसले आणि संगणकातले जुने फोटो वर्षावार लावले. आपला ओळखपत्राचा फोटो त्यांना काही सापडला नाही. खिडकीतल्या उजेडासमोर मात्र लोक थांबत होते, आणि काकू शेजारी उभ्या राहून पिवळ्याच्या साती छटा न चुकता सांगत होत्या.

घरी परतताना त्यांनी मिरीला सांगितलं, "हे बघ, आजपासून मला अहो-जाहो बंद. अगं म्हण, तू म्हण, काहीही म्हण. मला तो मान झेपत नाही."

म्हणून पुढच्या चित्राच्या वेळी मिरीने काळजी घेतली. नदीकाठची पवनचक्की होती, चौदा पानं. एक पान खराब छापलं गेलं तेव्हा तिने त्यावर कुठल्याही शंकेला जागा उरणार नाही असं लिहिलं: 'काकू, हे केराच्या डब्यात टाक.'

चार दिवसांनी काकूचा फोन आला.

"अगं मिरे, सगळी पानं जोडून बघितली. नदी आहे, होडी आहे, पवनचक्की आहे. पण केराचा डबा कुठे दिसत नाही. तो कुठल्या पानावर आहे?"

काकू हसत होती की नाही, ते फोनवर काही कळलं नाही.