मुक्या पियानोची रीतसर चौकशी

यंत्र बिघडले की ते दुरुस्त होण्याआधी त्याविषयी चारचौघांचे मत बनणे आवश्यक असते. या शिस्तीवरच समाज टिकून आहे. (यंत्रे टिकत नाहीत, तो भाग वेगळा.)

निवृत्त अधीक्षकांच्या घरचा डिजिटल पियानो मुका झाल्याचा शोध एका मंगळवारी सकाळी लागला. चपलेचा अंगठा तुटल्यामुळे अधीक्षक फिरायला निघालेले अर्ध्या वाटेतून परतले. पाहतात तो अधीक्षकीणबाई डोळे मिटून, मान डोलावत वाजवताहेत आणि पियानोतून पट्ट्यांच्या टकटकीखेरीज काही निघत नाही! जवळजवळ वर्षभर शिकूनही आवाज येत नसल्याचे बायकोच्या ध्यानात आले नाही, याचे अधीक्षकांना वाईट वाटले. आश्चर्य वाटले नाही.

"अगं, बंद पडलाय हा!"

बाईंनी केसांआडचे इअरफोन हळूच ओढून मुठीत दडवले. "असेल," त्या म्हणाल्या. घाईत वायर सुटून हाती आली. तिच्या टोकाला लावायची जोडणीची जाड पिन मात्र पियानोच्या पोटाखाली, आपल्या जागी राहिली. ती आत असेपर्यंत बाहेर आवाज येत नाही.

या पिनेलाही इतिहास आहे. पहिला महिनाभर पियानो खणखणीत वाजत असे. त्या काळात दर दहा मिनिटांच्या वादनाला बाहेरच्या खोलीतून सरासरी चौदा सूचना येत : 'जरा हळू' सहा, 'तिथं चुकलं' चार, 'मघाचंच बरं होतं' तीन, आणि 'चहा ठेवतेस का' एक. (सूचना देणाऱ्याचा पट्ट्यांचा अनुभव : टाइपरायटर. तोही हाताखालच्या माणसाचा.) शेवटी बाईंनी इअरफोन आणले आणि अधीक्षकांच्या फिरण्याची वेळ हीच सरावाची वेळ ठरवली. साठाव्या वर्षी त्यांना रोजचा एक तास मिळाला, जो पूर्णपणे त्यांचा होता.

अधीक्षकांनी नवी वही उघडली आणि चौकशी सुरू केली. माहितीपुस्तिकेत पहिला प्रश्न होता : 'वायर प्लगमध्ये आहे का?' हा त्यांना अपमान वाटला, म्हणून तो वगळला. हेडफोनविषयीचा दुसरा प्रश्न 'आपल्याकडे हेडफोन नाही' असा शेरा मारून निकाली काढला. मग मेहुणे आले. त्यांनी पियानो भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. शेजारच्या डॉक्टरांनी वाकून पेडल तपासले आणि दमटपणाचे निदान केले. मेहुण्यांनी पियानो परत भिंतीला लावला. वहीची अकरा पाने भरली. पियानो गप्पच.

"वॉरंटीचे चार दिवस उरलेत," अधीक्षकांनी निर्णय दिला. "शनिवारी टेंपो येईल. परत करून टाकू."

बाईंपुढे पेच पडला. पिन तशीच ठेवावी तर पियानो जातो. काढावी तर चौदा सूचना येतात. शुक्रवारपर्यंत त्यांनी एका भाजीत दोनदा मीठ घातले आणि एकीत अजिबात घातले नाही.

शनिवारी मेहुण्यांच्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हमालांनी पियानोला दोर लावला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"थांबा हो!" त्यांनी वाकून पिन उपटली, दोर बाजूला सारला आणि वाजवायला बसल्या.

पूर्ण एक मिनिट कुणीही बोलले नाही. (त्या घरातला हा विक्रम आहे.) एक हमाल दोराचे टोक हातात धरून तसाच उभा राहिला. मग अधीक्षक खाकरले.

"जरा हळू," ते म्हणाले.

"तिथं चुकलं, ताई," मेहुणे म्हणाले.

डॉक्टरांनी पाठ ताठ ठेवायला सांगितले.

बाईंनी शांतपणे पिन परत बसवली, तिच्यात वायर खोचली, सगळ्यांदेखत इअरफोन कानात घातले आणि डोळे मिटून पुढचे वाजवू लागल्या. खोलीत पुन्हा टकटक सुरू झाली.

"साहेब, न्यायचा का?" हमालाने विचारले.

अधीक्षक बराच वेळ बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. ती हसत होती. मग त्यांनी वही उघडून लिहिले : 'यंत्र उत्तम. आवाज येत नाही, तो दोष नाही.' खाली सही केली आणि टेंपो परत पाठवला.

ता. क. पिनेचा उल्लेख आल्यापासून 'अहो, ती पिन काढून बघा ना!' अशी सूचना काही वाचकांनी मनातल्या मनात सतत केल्याचे आढळून आले आहे. त्यांच्यासाठी मेहुण्यांशेजारी खुर्ची मांडली आहे. बाईंना काही ऐकू येणार नाही. पण बोला, बोला.